गोळी लागलेला माणूस खरंच मागे उडतो का?

या वेळी ‘पडद्यामागे’ सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं बंदुकीच्या मारामारीबद्दल आहेत. कुणाला वेस्टर्नपटांबद्दल (काउबॉय, घोडे, बंदुका असलेले चित्रपट) विचारायचंय, कुणाला त्यांच्या वळणावर गेलेल्या अ‍ॅक्शनपटांबद्दल, कुणाला ‘शोले’बद्दल. तिघाचौघांना स्वतःच असा एखादा प्रसंग चित्रित करायचा आहे. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

प्रश्न : गोळी लागली की सिनेमातला माणूस चार-पाच फूट मागे फेकला जातो. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलं न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला हेच उदाहरण देतात. यात कितपत तथ्य? (मिरज)

काहीच नाही. आणि हे मुलांकडूनच फळ्यावर सोडवून घेता येईल. वेस्टर्नपटात हमखास दिसणारं कोल्टचं १८७३चं रिव्हॉल्व्हर घ्या. त्याच्या .४५ गोळीचं वजन साधारण १६ ग्रॅम, वेग सेकंदाला २७० मीटरच्या आसपास. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) झाला सुमारे ४.३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हा सगळा संवेग ७० किलोच्या माणसात उतरला असं धरलं, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला सहा सेंटिमीटर. एसटीत चढताना मागून बसणारा धक्का याहून मोठा असतो. न्यूटनचा तिसरा नियम तर उलट बाजूनेच बोलतो: गोळीने समोरचा उडणार असेल, तर झाडणाराही तेवढाच मागे उडायला हवा.

खरा माणूस बहुतेक वेळा जागच्या जागी खचतो. कधी दोन-चार पावलं काही झालंच नाही असा चालतोसुद्धा. पण गोळी डोळ्यांना दिसत नाही. तिचा जोर दाखवायला दिग्दर्शकाच्या हाती एक शरीरच असतं. जुन्या वेस्टर्नमध्ये माणसं उडत नसत, गच्चीवरून किंवा घोड्यावरून पडत. ‘शेन’ (१९५३) मध्ये जॉर्ज स्टीव्हन्स यांनी गोळी लागलेल्या नटाला तारेने खेचून चिखलात मागे आपटवलं. तेव्हाच्या प्रेक्षकाला हे नवं होतं.

आज हे काम करायला कपड्यांखाली पट्ट्यांचं जाकीट असतं, पाठीला तार आणि ती तार हवेच्या दाबावर झटक्यात खेचणारं यंत्र. स्टंटवाले त्याला ‘रॅचेट’ म्हणतात. तार कमरेला लावली तर शरीर मधोमध घडी पडल्यासारखं दुमडतं आणि धड आधी ओढलं जाऊन डोकं मागाहून येतं, म्हणजे मानेला हिसका. म्हणून ओढ दोन खांद्यांच्या मधोमध देतात आणि पडणारा हनुवटी छातीला टेकवून ठेवतो. हे प्रशिक्षित माणसाचंच काम. हौशी चमूने नटाला सरळ खाली खचू द्यावं. ते जास्त खरं आहे, आणि नीट केलं तर जास्त भीतीदायकही.

प्रश्न : आमच्या लघुपटातला गोळीबार स्लो मोशनमध्ये घेतला, पण तो लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. काय चुकलं? (पुणे)

बहुधा सगळंच हळू झालंय. वेगाशेजारी ठेवलं तरच हळू हे हळू वाटतं. ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) मध्ये जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी मूल पळवणाऱ्या चोराचा मृत्यू मंदगतीत घेतला, पण बघणारी माणसं नेहमीच्या वेगात ठेवली. ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) च्या शेवटासाठी आर्थर पेन यांनी चार कॅमेरे वेगवेगळ्या गतीने चालवले. सॅम पेकिनपा यांनी हीच वाट ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये टोकाला नेली. एक माणूस छपरावरून मंदगतीत पडायला लागतो. मध्येच नेहमीच्या वेगातला बिथरलेला घोडा, पळणारी माणसं, दुसऱ्याला लागलेली गोळी. परत पाहतो तर पहिला अजून हवेतच. लू लोम्बार्डो यांच्या संकलनाची ही करामत. एका मरणाची वेळ ताणली जाते आणि तेवढ्या वेळात बाकीचे चार मरून जातात.

तुमच्या चित्रफितीवर हे करून बघा. मंदगतीचा तुकडा सलग ठेवू नका, त्याचे तीन भाग करा, प्रत्येकी एक ते दीड सेकंदाचे. त्यांच्या मध्ये नेहमीच्या वेगातले अर्ध्या-पाऊण सेकंदाचे तुकडे घाला. मंद तुकड्यावर परत येताना हालचाल जिथे सोडली होती तिथून चार-पाच फ्रेम मागून उचला. तंतोतंत तिथूनच उचललं तर डोळ्याला उडी जाणवते. आवाज मात्र हळू करायचा नाही. गोळीचा, काचेचा, किंकाळीचा आवाज नेहमीच्या वेगातच राहू द्या. लग्नाच्या व्हिडिओची आठवण होते ती निम्मी आवाजामुळे: खालचा आवाज बंद करून वर एक गाणं टाकलेलं असतं.

आता कॅमेऱ्याचं. सेकंदाला २४ फ्रेमच्या फिल्ममध्ये ४८ फ्रेमने घेतलेला सेकंद दोन सेकंद चालतो, १२० फ्रेमने घेतलेला पाच. पडण्याला ६० ते ९६ पुरे. रक्त, धूळ, काचा यांना १२०. ३० फ्रेमने घेऊन नंतर संगणकात चौपट हळू केलं तर संगणक मधल्या फ्रेम कल्पनेने भरतो आणि हाताच्या कडा पातळ होऊन थरथरतात. तुमच्या पत्रातलं ‘धुरकट दिसतं’ हे वर्णन वाचून तुम्हीही तेच केलं असावं असं वाटतं.

शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवायचं: २४ ला १/५० सेकंद, १२० ला १/२४०. म्हणजे १२० ला पाचपट उजेड लागतो, भिंगाच्या भाषेत सव्वादोन स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). उन्हात अडचण नाही. घरात मात्र ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची. नेहमीच्या वेगात हे दिसत नाही, १२० वर चित्र धडधडतं. असा प्रसंग खिडकीच्या उजेडात घ्या किंवा बाहेर न्या.

प्रश्न : माणदेशातल्या माळावर दोन माणसांचं द्वंद्व चित्रित करायचंय, लेओनेच्या वळणाचं. एक कॅमेरा, ३५ आणि ८५ च्या दोन लेन्स, दोन दिवस. कसं बसवावं? (दहिवडी)

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लेओने यांचे ते विशाल चेहरे एका काटकसरीतून आले आहेत, हे आधी सांगायला हवं. त्यांचे साठच्या दशकातले वेस्टर्न टेक्निस्कोप पद्धतीत घेतलेले. यात एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोनच भोकांची उंची मिळते, म्हणजे अर्धीच फिल्म लागते. १००० फुटांचं रीळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटं चालतं. रुंद पडदा मिळवण्यासाठी चित्र दाबून घेणारी जड भिंगं नकोत, साधी भिंगं चालतात. ती साधी भिंगं चेहऱ्याच्या अगदी जवळ नेता येतात आणि पुढचा चेहरा व मागचा डोंगर दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट राहतात. किंमत मोजायची ती दाण्याची. पडद्यावर चित्र जरा खरखरीत दिसतं, पण स्पेनमधल्या अल्मेरियाच्या धुळीला ते शोभलं.

यातून तुम्ही घ्यायची ती दोन टोकं: रुंद माळ आणि डोळे. मधल्या आकाराची चित्रं जितकी कमी तितकं बरं.

दोघांत वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवा. त्यांना जोडणारी रेषा जमिनीवर चुन्याने आखा (नंतर पुसा) आणि दोन्ही दिवस कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. एक कायम उजवीकडे पाहणार, दुसरा कायम डावीकडे. रेषा एकदा ओलांडली की दोघं एकाच दिशेला पाहत असल्यासारखे दिसतात आणि सगळा ताण हवेत विरतो. हौशी द्वंद्वांत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

क्रम असा लावा. ३५ ने विशाल माळ, दोन्ही आकृत्या कडांना, आठ-दहा सेकंद. मग एकाच्या कमरेमागून, पट्ट्यातलं पिस्तूल पुढे मोठं आणि दुसरा लांब बारीक, सहा सेकंद. मग ८५ ने छाती-चेहरा, चार सेकंद, समोरच्याचा तेवढाच. मग नुसता चेहरा तीन, हात दोन, डोळे दीड, डोळे एक, बोट १२ फ्रेम, डोळे ८ फ्रेम. इथे थांबा. पुन्हा तोच विशाल माळ, तीन सेकंद, संपूर्ण निःशब्द. मग गोळी. कोण पडलं हे लगेच दाखवू नका, दोन सेकंद दोघांनाही उभं ठेवा.

आकडे दगडावरची रेघ नाहीत. पण तुकड्यांची लांबी उतरती हवी आणि शेवटच्या क्षणी ती उतरण मोडायला हवी, यात तडजोड नको. उतरण न मोडता गोळी झाडली की प्रेक्षक गोळीच्या आधीच तिथे पोहोचलेला असतो.

आता माळावरचे त्रास. सूर्य फिरतो. सकाळी एकाचे सगळे शॉट उरकून दुपारी दुसऱ्याचे घेतलेत तर एकाच्या नाकाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची खाली पडेल. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी सात ते साडेनऊ एकाचे जवळचे शॉट, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुसऱ्याचे. विशाल चित्रं संध्याकाळी. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो. तेव्हा हात, पट्टे, बूट, माशा यांचे शॉट घ्या. उजेड परतवायला चंदेरी पत्रा नको, नटाचे डोळे मिटतात. पांढरं धोतर ताणून धरा किंवा थर्माकोल. ‘अ‍ॅक्शन’च्या आधी नटाला डोळे मिटून ठेवू द्या. उघडल्यावर चार सेकंद पापणी न हलवणं मग जमतं. घाम हवा असेल तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं फवारा. नुसतं पाणी दोन मिनिटांत सुकतं. ८५ ची लेन्स डोळ्यांपर्यंत पुरणार नाही, तिचं किमान अंतर जास्त असतं. जवळ नेणाऱ्या कड्या (एक्स्टेंशन ट्यूब) भाड्याने मिळतात. त्या नसतील तर ४के मध्ये घेऊन चित्र कापा.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. इटालियन चित्रपटांत तेव्हा आवाज नंतरच भरत. त्यामुळे सेटवर शांततेची गरज नव्हती. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) च्या वेळी एन्निओ मोरिकोने यांचं संगीत आधी तयार होतं आणि चित्रीकरणात ते वाजवलं गेलं. नट त्या लयीत चालले. तुम्हीही फोनवर मिनिटाला ६० ठोके लावा आणि नटांना त्या ठोक्यावर वळायला सांगा. त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला तीन मारेकरी स्टेशनवर गाडीची वाट बघतात. संगीत नाही. पवनचक्कीची करकर, एक माशी, हॅटवर टपटपणारं पाणी, बोटं मोडल्याचा आवाज. वाट पाहणं कितीतरी मिनिटं, मारामारी काही सेकंद. माळावरचा वारा माइकमध्ये नुसता घरघरतो, म्हणून वाऱ्याचा आवाज वेगळा, दगडाआड माइक ठेवून घ्या. एका वेळी एकच आवाज ऐकू येऊ द्या.

प्रश्न : ‘शोले’तलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड लेओनेच्या चित्रपटावरून जसंच्या तसं उचललंय असं वाचलं. खरं आहे का? (डोंबिवली)

प्रेरणा उघड आहे, ‘जसंच्या तसं’ हे चूक. दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

लेओनेकडे, म्हणजे वरच्याच ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये, शेतघरासमोर लग्नाच्या जेवणाची टेबलं मांडली आहेत. रातकिडे अचानक गप्प होतात, पक्षी उडतात. गोळ्या कुठून आल्या ते दिसत नाही. घरातून धावत आलेला लहान मुलगा एकटाच उरतो. झुडपांतून लांब कोट घातलेली माणसं बाहेर येतात आणि म्होरक्याचा चेहरा सावकाश दिसतो: हेन्री फोंडा, तोवर भल्या माणसांच्या भूमिकांसाठी ओळखले जाणारे. मुलावर गोळी झाडली जाते आणि तिच्या आवाजातच आगगाडीची शिट्टी मिसळते.

रमेश सिप्पींकडे अंगण आहे, सून-मुलं आहेत, झोपाळ्याची करकर आहे. गोळ्या इथेही दुरून येतात, पण पडणारी माणसं मंदगतीत पडतात आणि चित्र गोठतं. हे गोठणं लेओनेकडे नाही. त्याने काय साधलं? रक्त जवळजवळ दाखवावं लागलं नाही. मृत्यू म्हणजे थांबलेलं चित्र. शेवटी नातवावर गब्बर बंदूक रोखतो आणि गोळीबरोबर पडद्यावर आगगाडी येते, ठाकूर त्यातून उतरतो. गोळीवरून गाडीवर जाण्याची युक्ती लेओनेची खरी, पण तिथे गाडी नवी नायिका आणते, इथे घरचा माणूस. प्रेक्षकाला माहीत आहे आणि उतरणाऱ्याला माहीत नाही. पुढची काही मिनिटं प्रेतांवरच्या पांढऱ्या चादरी, वारा आणि पाचोळा, एवढंच. आमच्या मते हा भाग मूळ कल्पनेपेक्षा खोल गेला आहे. संकलक मा. स. शिंदे. ‘शोले’ला त्या वर्षी मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार त्यांच्या संकलनाला होता, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

इमामसाहेबांच्या मुलाचा, म्हणजे सचिन पिळगावकर यांनी केलेल्या अहमदचा मृत्यूही बघा. तो प्रसंग घ्यायला १९ दिवस लागले. मूळ प्रसंगातली क्रूर हत्या सेन्सॉरने काढायला लावली. पडद्यावर उरलं ते एवढंच: गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढच्या दृश्यात घोडा प्रेत घेऊन गावात येतो. कात्री लागल्यामुळे प्रसंग अधिक चांगला झाल्याची ही दुर्मिळ वेळ. शेवटाबाबत तसं म्हणता येत नाही. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. १९७५ मध्ये, आणीबाणीत, तो बदलून पोलीस आणावे लागले. मूळ शेवटाची पुनर्संचयित प्रत २०२५च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली.

प्रश्न : घरच्या घरी रक्त कसं बनवावं? कुंकू-तेलाचं केलं ते गुलाबी दिसलं. (नांदेड)

बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. ते २५० ग्रॅम, कोमट पाणी ६० मिली, खाण्याचा लाल द्रवरंग दीड ते दोन छोटे चमचे, निळा तीन-चार थेंब, कोको पावडर एक छोटा चमचा. कोको आधी पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग ग्लुकोजमध्ये. थेट टाकलात तर तपकिरी ठिपके तरंगत राहतात. निळ्याने गुलाबीपणा मरतो, कोकोने पारदर्शकपणा. जुन्या जखमेला कोको दुप्पट.

ताटलीतल्या रंगावर जाऊ नका. ज्या कापडावर, ज्या उन्हात चित्रीकरण आहे तिथे दोन थेंब टाकून कॅमेऱ्यातून पाहा. मिश्रण कापडावर मण्यासारखं थांबत असेल तर भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब घाला, लगेच मुरतं. मात्र ते मिश्रण मग तोंडाजवळ वापरायचं नाही. उन्हात अर्ध्या तासात मुंग्या आणि माशा येतात, झाकण घट्ट ठेवा. होळीचे रंग आणि शाई अजिबात नको.

सदऱ्यावर गोळी लागलेली दाखवायला स्फोटक टोपी लागतेच असं नाही. स्फोटक टोप्या परवानाधारक माणसाशिवाय हाताळायच्याच नाहीत. ३०-४० मिलीची पातळ पिशवी सपाट कार्डावर चिकटवून सदऱ्याआड बांधा. सदऱ्यावर आधीच सेंटिमीटरभर फुलीचा छेद द्या आणि कडा पॉलिश पेपरने झिजवा. पिशवीला मासेमारीचा दोरा चिकटवून तो फुलीतून बाहेर काढा आणि चौकटीबाहेरच्या माणसाने झटका द्यायचा. दोरा कॅमेऱ्याच्या रेषेत असेल तर उन्हात चमकतो, म्हणून बाजूला ओढा. पिशवी काठोकाठ भरू नका, आधीच फुटते. एका गोळीला सारखे तीन सदरे लागतात असं धरून चाला. रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी ‘एल मारियाची’ (१९९२) मध्ये रक्ताने भरलेले कंडोम वजन उचलणाऱ्यांच्या पट्ट्यांवर बसवले होते. त्या चित्रपटाचं चित्रीकरण सुमारे ७००० डॉलरमध्ये झालं.

जमिनीवर आपटणाऱ्या गोळ्यांसाठी मुलतानी मातीचा लहान ढीग, त्याखाली नळी, नळीला सायकलचा पंप. एक दाब, एक गोळी. सिमेंट किंवा राख वापरू नका, फुप्फुसात आणि डोळ्यांत जाते.

प्रश्न : ओळखीत एकांकडे परवान्याची बंदूक आहे. गोळ्या काढून वापरली तर चालेल ना? (कोल्हापूर)

नाही. १९९३च्या ३१ मार्चला ‘द क्रो’ या चित्रपटाच्या सेटवर नट ब्रँडन ली मारले गेले तेव्हा बंदुकीत ‘खरी’ गोळी नव्हती. आधीच्या शॉटसाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून नकली काडतुसं केली होती, पण बुडाची पेटवण टोपी तशीच राहिली. तिच्या जोराने गोळीचं टोक नळीत जाऊन अडकलं. कुणी नळी तपासली नाही. पुढे त्याच बंदुकीत आवाजाचं काडतूस (गोळी नसलेलं, नुसता बार करणारं) घालून झाडलं, आणि अडकलेलं टोक बाहेर आलं. २०२१ मध्ये ‘रस्ट’ या वेस्टर्नच्या चित्रीकरणात रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी राहिली आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी ‘रिकामी आहे’ असंच समजलं गेलं होतं. नुसत्या आवाजाच्या काडतुसातून निघणारा तप्त वायू आणि बोळासुद्धा जवळून मारू शकतो.

प्लास्टिक किंवा रबराची, नळी भरीव असलेली प्रतिकृती घ्या. ती हलकी असते म्हणून नटाचा हात खोटा दिसतो. खरं कोल्ट रिकामं असताना किलोभराचं भरतं. मुठीत शिसं किंवा नटबोल्ट भरून वजन आणा. नकली बंदुकीत फेरफार करून ती झाडण्याजोगी करणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. गावात चित्रीकरण असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि रस्त्यावरून बंदूक पिशवीतून न्या.

गोळी सुटताना नळीतून निघणारा उजेडाचा झोत संकलनात घाला, एकच फ्रेम, फार तर दोन. तीन झाले की फटाका वाटतो. त्याच फ्रेमला नटाचा चेहरा आणि मनगट किंचित उजळा, नाहीतर झोत वर चिकटवलेला दिसतो. कथा १८८० च्या आधीची असेल तर मागे पांढरा दाट धूर राहायला हवा, कारण बिनधुराची दारू त्यानंतरची. रॉड्रिग्ज यांच्या बंदुका तर खऱ्या, पोलिसांकडून मागून आणलेल्या, पण आवाजाचं काडतूस घातलं की एका बारानंतर अडकायच्या. मग तोच एक बार निरनिराळ्या कोनांतून घेतला आणि ध्वनिपट्टीवर मशीनगन भरली. तुम्हाला तर तो एक बारही लागणार नाही.

प्रश्न : लेओने यांनी कुरोसावांची चोरी केली, हे खरं? (न्यू जर्सी)

‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) हा ‘योजिंबो’ (१९६१) वर बेतलेला आहे, परवानगीशिवाय. ‘योजिंबो’ काढणाऱ्या तोहो कंपनीने दावा केला. तडजोडीत जागतिक उत्पन्नाचा १५ टक्के वाटा आणि जपान, तैवान, दक्षिण कोरियाचे वितरण हक्क जपानी बाजूला मिळाले. स्वतः कुरोसावा मात्र जॉन फोर्ड यांच्या वेस्टर्नचे चाहते होते. देणं-घेणं दोन्हीकडून होतं.

मजेची गोष्ट अंतराची आहे. तलवार हातभर लांबीवर चालते. ‘संजुरो’ (१९६२) च्या शेवटी दोघे इतके जवळ उभे आहेत की एकाच चौकटीत मावतात, कॅमेऱ्याला तुकडे करायची गरजच नाही. बराच वेळ स्तब्धता, एक वार, रक्ताचं कारंजं. बंदूक आली आणि दोघांत वीस पावलं पडली. ती मोकळी जागा भरायला लेओनेना डोळे, बोटं आणि मोरिकोने लागले.

प्रश्न : घोडा पाडायचा आहे. (फलटण)

पाडू नका. हॉलिवूडमध्ये पूर्वी घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून त्याला धावता धावता पाडत. कित्येक घोडी मेली. १९३९च्या एका वेस्टर्नमध्ये घोडा कड्यावरून पाण्यात लोटल्यानंतर ओरड झाली आणि १९४० पासून प्राणिमित्र संस्थेची देखरेख आली. आपल्याकडे घोडा नुसता दाखवायचा असला तरी चित्रीकरणाआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि त्यांच्या दाखल्याशिवाय सेन्सॉर प्रमाणपत्र अडतं. स्वार पडल्याचं दाखवायला रिकामं खोगीर, सुटलेली रिकीब आणि धूळ एवढं पुरतं.

प्रश्न : सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून नायक चौदा गोळ्या कसा झाडतो? (अमरावती)

कुणी मोजत नाही या भरवशावर. खरे वापरणारे तर बहुधा पाचच भरत. बंदुकीचा घोडा रिकाम्या खणावर टेकवून ठेवत, म्हणजे धक्क्याने बार उडू नये. शिवाय १८७३च्या कोल्टमधून रिकामी टरफलं एकेक करून, कडेची खिडकी उघडून, दांडीने ढकलत काढावी लागतात. भरायला सरावाच्या हातालाही अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं.

ज्यांनी मोजलं त्यांना त्याचा फायदा झाला. गब्बर आधी तीन गोळ्या हवेत झाडतो, मग तीन माणसांसाठी तीन उरतात, चक्र फिरवतो. विजू खोटेंच्या कालियाच्या डोक्याला नळी लागते तेव्हा अख्खं थिएटर हिशेब करत असतं. तिघेही वाचतात, गब्बर हसतो, तिघेही हसतात. हसणं चांगलं लांबू दिलंय, तोवर आपला हिशेब विसरलेला असतो. गोळ्या मात्र तीन शिल्लकच आहेत.